स्वतःवर प्रेम करणं पाप आहे का?

ज्यांना लोकलच्या गर्दीत धड ऐकू येत नाही, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीसारखा लिहून टाकतोय. अडखळणं आणि चहाचे घोट गाळलेत, बाकी बोलणं तसंच ठेवलंय.

आजचा प्रश्न तरुण संघाच्या ग्रुपवरचा आहे. एका मुलीनं विचारलं होतं: रीलमध्ये सांगतात, आधी स्वतःवर प्रेम कर. उपासनेत सांगतात, स्वतःला मार. मग मी नक्की करू काय? खाली चार-पाच जणांनी हसणारे इमोजी टाकले, दोघांनी वचनं टाकली आणि मग कुणीतरी पिकनिकच्या वर्गणीचं विचारलं. विषय संपला. मला मात्र हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही. माझा अनुभव असा की ज्याला हा प्रश्न पडतो तो बहुतेक वेळा आधीच खूप दमलेला असतो. ज्याचं स्वतःवर जरुरीपेक्षा जास्त प्रेम आहे तो असलं काही विचारायच्या फंदात पडतच नाही.

आधी शब्दाचा घोळ बघू. मराठीत स्वतःवरच्या प्रेमाला साधा, टोमणा नसलेला शब्दच नाही. स्वार्थ म्हटलं की शिवी झाली. अहंकार, आत्मप्रौढी, त्याही शिव्याच. स्वाभिमान बरा, पण त्यात मायेपेक्षा ताठ मान जास्त. म्हणून आपण इंग्रजीतून सेल्फ-लव्ह उचलतो, आणि त्याच्याबरोबर फेसमास्क, सोलो ट्रिप आणि 'टॉक्सिक लोकांना आयुष्यातून काढून टाका' हे सगळं सामान घरी येतं. मग पाळक चिडले तर त्यांचं काय चुकलं?

पवित्र शास्त्रातही ही चीड आहेच. तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात शेवटच्या काळातल्या माणसांच्या दुर्गुणांची यादी येते आणि तिची सुरुवातच 'फिलाउतोस' या ग्रीक शब्दानं होते. म्हणजे स्वतःवर प्रेम करणारे. संपूर्ण नव्या करारात हा शब्द या एकाच जागी आहे. ग्रुपवर ज्यांनी वचनं टाकली त्यांच्यापैकी एकानं हेच टाकलं होतं. पण गंमत बघा, याच तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात पाचव्या अध्यायात त्याला सांगितलंय की बाबा, नुसतं पाणी पीत राहू नकोस, तुझ्या पोटासाठी आणि सारख्या होणाऱ्या आजारांसाठी थोडा द्राक्षारस घे. ज्या तरुणाला स्वतःवर प्रेम करणाऱ्यांपासून सावध राहायला सांगितलं, त्यालाच पोटाची काळजी घ्यायलाही सांगितलं. म्हणजे लिहिणाऱ्याच्या लेखी या दोन वेगवेगळ्या गोष्टी असणार.

आता मुख्य वचनाकडे येऊ. सगळ्यांत मोठी आज्ञा कोणती, असं एका शास्त्र्यानं येशूला विचारलं. येशूनं दोन सांगितल्या: पूर्ण मनानं देवावर प्रीती करायची, आणि शेजाऱ्यावर स्वतःसारखी करायची. मार्कच्या बाराव्या अध्यायात हा प्रसंग आहे. दुसरी आज्ञा येशूनं जुन्या करारातून घेतलीय, लेवीय १९:१८ मधून. सगळा वाद या एका 'स्वतःसारखी' शब्दावर आहे आणि तो आजचा नाही.

ऑगस्टीन (३५४–४३०), आजच्या अल्जीरियातल्या हिप्पो शहराचा बिशप, याचं म्हणणं असं की स्वतःवर प्रेम करा ही वेगळी आज्ञा द्यायची गरजच नव्हती, माणूस ते करतोच. शिकायचं असतं ते कसं करायचं. तब्बल अकराशे वर्षांनी मार्टिन लूथरनं १५१५-१६ मध्ये रोमकरांस पत्रावर व्याख्यानं दिली, त्यात तो जास्त कडक आहे. माणूस स्वतःकडेच वाकलेला आहे, अशी त्याची प्रतिमा आहे. एखादी फांदी उजेडाकडे जायच्या ऐवजी वळून परत खोडातच घुसावी, तसं काहीसं. त्यामुळे 'स्वतःसारखी' म्हणजे स्वतःवर प्रेम करायची परवानगी, हे त्याला मान्य नाही. त्याच्या मते ती आज्ञा आपण आधीच स्वतःवर किती करतोय ते दाखवून देते. डेन्मार्कचा कीर्केगार्द १८४७ च्या त्याच्या प्रेमाविषयीच्या पुस्तकात तिसरंच सांगतो: ही आज्ञा शेजाऱ्याबरोबर स्वतःवरही नीट प्रेम करायला शिकवते. उगाच धावपळ करून ताकद उधळणारा आणि स्वतःला छळत बसणारा, या दोघांनाही ते अजून जमलेलं नाही, असं तो म्हणतो. हे वाचताना मला आमच्या क्षेत्रातली निम्मी माणसं डोळ्यांसमोर आली.

पण मला सगळ्यांत जास्त पटतं ते मूळ हिब्रूतलं एक बारीक वळण. लेवीयमध्ये तिथे 'कामोखा' असा एकच शब्द आहे. तुझ्यासारखा. तो प्रीतीला जोडला तर अर्थ होतो, स्वतःवर करतोस तशी कर. शेजाऱ्याला जोडला तर अर्थ होतो, जो तुझ्यासारखाच आहे त्याच्यावर कर. काही ज्यू भाष्यकारांनी हा दुसरा अर्थ धरलाय. आणि त्याच अध्यायाच्या ३४व्या वचनात परक्या माणसाबद्दल पुन्हा हीच आज्ञा आहे, तिथे कारणही दिलंय: तुम्ही स्वतः मिसर देशात परके होता. म्हणजे तो तुझ्यासारखा आहे, हे विसरू नकोस.

आता हे उलटं करून बघा. तो माझ्यासारखा असेल, तर मीही त्याच्यासारखाच आहे. देवानं ज्यांच्यावर माया करायला सांगितली त्या माणसांच्या गर्दीत मीही एक आहे. सगळ्यांच्या पुढे नाही, आणि रांगेच्या बाहेरही नाही. रात्री दोन वाजता झोप उडाल्यावर तुम्ही स्वतःला जी वाक्यं ऐकवता, ती धाकट्या बहिणीला ऐकवाल का? तिची नोकरी गेली, तर तिला सांगाल का की तू आहेसच नालायक, तुझ्यामुळे आईबाबांचं नाक कापलं? नाही ना? मग तीच वाक्यं स्वतःला ऐकवली की त्यांना नम्रता म्हणायचं, हे कुठल्या वचनात बसतं?

मला वाटतं लूथरला ज्याची धास्ती होती ते वाकणं दोन तऱ्हेचं असतं. एक सगळ्यांना दिसतं: मी मोठा, मीच. दुसरं लपतं: मी इतका वाईट, मी इतका कमी. दोन्हींत दिवसभर विषय 'मी'च असतो.

लूकच्या पंधराव्या अध्यायातला धाकटा मुलगा बघा. बापाची मालमत्ता उडवून डुकरं राखायची वेळ आल्यावर तो घरी यायला निघतो आणि वाटेत म्हणायचं भाषण आधीच तयार करतो. मी पाप केलं, तुझा मुलगा म्हणवून घ्यायच्या लायकीचा राहिलो नाही, मला तुझ्या एखाद्या मजुरासारखं ठेव. घरी पोचल्यावर तो हे भाषण सुरू करतो. लायकीचा नाही, इथपर्यंत येतो. मजुराचं वाक्य त्याच्या तोंडून निघतच नाही, कारण बाप मध्येच नोकरांना हाका मारून झगा, अंगठी, पायात जोडे मागवायला लागलेला असतो. ही जागा मी कितीदा वाचली तरी थांबतो. पश्चात्तापाचं वाक्य बापानं ऐकून घेतलं. स्वतःची किंमत कमी करून ठरवलेला नवा पगार मात्र त्यानं ऐकूनच घेतला नाही.

आणि थोरला? तो तर शेतात राबणारा, एकही आज्ञा न मोडलेला. त्याची तक्रार काय, तर इतकी वर्षं गुलामासारखा राबलो, मला साधं करडू मिळालं नाही. हिशेब दोघांच्याही डोक्यात मजुरीचाच चाललाय. धाकट्याला वाटतं आपण कमावलं नाही, थोरल्याला वाटतं आपण कमावलं. बाप दोघांनाही मुलगाच म्हणतोय.

ज्यांचं अप्रेझल दर वर्षी होतं त्यांना हे जास्त लवकर कळावं. आधी स्वतः स्वतःचा फॉर्म भरायचा, मग मॅनेजर आकडा देणार, मग तो आकडा वर कुठेतरी एका वक्ररेषेत बसवणार. कामापुरतं ठीक आहे, कंपनीला पगार ठरवायचा असतो. पण आपण तोच फॉर्म घरी आणतो, उपासनेलाही नेतो. रीलवाल्या सेल्फ-लव्हबद्दल माझी खरी तक्रार हीच आहे. आरशात बघून रोज मी भारी आहे म्हणायचं, म्हणजे फॉर्म तोच राहिला, फक्त मॅनेजरची खुर्चीही आपणच घेतली. ज्या दिवशी भारी वाटत नाही त्या दिवशी काय करायचं? येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी स्वर्गातून वाणी आली की हा माझा लाडका पुत्र आहे, याच्यावर मी खूश आहे. मार्कच्या शुभवर्तमानात ही वाणी पहिल्याच अध्यायात आहे. त्याआधी तिथे येशूचा एकही चमत्कार नाही, एकही प्रवचन नाही. काम सगळं नंतर सुरू होतं.

आता एलीयाबद्दल जरा निवांत बोलू, कारण या विषयावर इतकी स्पष्ट गोष्ट मला दुसरी माहीत नाही. १ राजे, अध्याय १९. अठराव्या अध्यायात एलीयानं कर्मेल डोंगरावर बआलच्या ४५० संदेष्ट्यांसमोर एकट्यानं उभं राहून जिंकलंय. आयुष्यातला सगळ्यांत मोठा दिवस. आणि लगेच राणी ईजबेलची धमकी येते की उद्यापर्यंत तुला मारते. माणूस जीव घेऊन पळतो. बैर-शेब्याला पोचतो, नोकराला तिथेच ठेवतो आणि एकटा दिवसभराची वाट चालून रानात एका झुडपाखाली बसतो. आणि देवाला म्हणतो, पुरे झालं आता, माझा जीव घे, मी काही माझ्या वाडवडिलांपेक्षा चांगला नाही.

यातल्या तीन गोष्टी बघा. मोठ्या यशानंतर कोसळणं, सोबतच्या माणसाला मागे ठेवून एकटं होणं, आणि मरणाची इच्छा सांगताना काढलेली तुलना. तिला मरायचंय म्हटल्यावर आपण काय करतो? तुझा विश्वास कमी पडतोय, प्रार्थना वाढव, उपास कर. देवदूत यातलं काहीच करत नाही. एलीया झोपतो, त्याला झोपू देतो. मग हात लावून उठवतो आणि म्हणतो, ऊठ, जेव. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचा तांब्या. एलीया खातो, पितो आणि परत झोपतो. देवदूत रागावत नाही. दुसऱ्यांदा येतो, पुन्हा जेव म्हणतो आणि कारण सांगतो: पुढची वाट तुला झेपणारी नाही.

मग तो ४० दिवस चालून होरेब डोंगरावर जातो. तिथे देव त्याला विचारतो, इथे काय करतोस? एलीया आपलं गाऱ्हाणं सांगतो, मीच एकटा उरलो. एकदा सांगतो, मग परत तेच शब्द सांगतो. देव दोन्ही वेळा ऐकून घेतो. मग कामं देतो, त्यात एक अलीशाला नेमायचं, म्हणजे सोबतीला माणूस. आणि सांगतो की तू एकटा नाहीस, अजून सात हजार आहेत. क्रम लक्षात घ्या. झोप, जेवण, पुन्हा झोप, ऐकून घेणं, सोबत. शिकवण, म्हणावी तर, सगळ्यांत शेवटी.

ऐकणाऱ्यांपैकी कुणी आत्ता त्या झुडपाखाली बसलेलं असेल, तर टेलिमानस ही सरकारची मोफत हेल्पलाइन आहे, १४४१६. चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. फोन करणं म्हणजे विश्वास कमी पडणं नाही. देवदूत भाकर घेऊन येऊ शकतो तर फोनही उचलू शकतो.

यावर पुढचा प्रश्न येणारच: मग आत्मत्यागाचं काय? वधस्तंभ उचलून मागे ये म्हणालाय ना येशू? हो, म्हणालाय, आणि ते गुळमुळीत करायचा माझा विचार नाही. पण मार्कच्या आठव्या अध्यायात तिथे ग्रीकमध्ये जे क्रियापद आहे, तेच चौदाव्या अध्यायात पेत्रासाठी आलंय, कोंबडा आरवायच्या आधी तू मला तीनदा नाकारशील तिथे. नाकारणं. पेत्रानं काय केलं? येशूचा तिरस्कार नाही केला, त्याला मारलंही नाही. या माणसाचा माझ्यावर काही हक्क नाही, मी याला ओळखत नाही, असं म्हणाला. स्वतःला नाकारणं ते असं असावं: आतला जो मी हुकूम सोडत असतो, माझंच खरं, माझाच मान, त्याला सांगायचं की तू इथला मालक नाहीस. त्यात झोप सोडणं, मार खाणं, स्वतःला शिव्या देणं कुठून आलं?

आणि इथे मी आवाज चढवणार आहे. नवरा मारतो म्हणून एखादी ताई मंडळीत कुणाकडे रडली, तर तिला 'हा तुझा वधस्तंभ आहे, सोस' असं सांगितलं जातं. हे मी माझ्या कानांनी ऐकलंय. हे खोटं आहे. नासरेथमध्ये लोक येशूला कड्यावरून ढकलायला निघाले तेव्हा तो त्यांच्यातून निघून गेला. मंदिरात दगड उचलले तेव्हा तो लपला आणि बाहेर पडला. योहानाच्या दहाव्या अध्यायात तो स्पष्ट सांगतो की माझा जीव कुणी माझ्याकडून घेत नाही, मी आपण होऊन देतो. हिसकावून घेतलेल्या गोष्टीला अर्पण कसं म्हणणार? २००५ चा घरगुती हिंसाचाराचा कायदा सगळ्या धर्मांच्या बायकांना लागू आहे आणि महिला हेल्पलाइन १८१ आहे. हे वचनांइतकंच मोठ्यानं मंडळीत सांगायला हवं.

१९६० मध्ये व्हॅलेरी सेव्हिंग या अमेरिकन अभ्यासक बाईंनी एक लेख लिहिला. त्यांचा मुद्दा असा की पाप म्हणजे गर्व, आणि उपाय म्हणजे स्वतःला विसरणं, हे ज्यांनी लिहिलं ते पुरुष होते आणि ते त्यांच्या स्वतःच्या दुखण्याबद्दल लिहीत होते. बायकांचा मोह बहुतेक वेळा उलटा असतो: सगळ्यांसाठी इतकं विरघळायचं की आपण म्हणून कुणी उरतच नाही. मला यात एवढीच भर घालावीशी वाटते की हे दुखणं आता मुलग्यांनाही होतं. रात्री अकराला ऑफिसचा मेसेज आला तरी 'हो सर' म्हणणारे आपण. पण औषध एकच आणि रोग दोन, हे त्यांचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

आपल्याकडचं उदाहरण हवं तर लक्ष्मीबाई टिळक. 'स्मृतिचित्रे' शाळेत थोडंफार वाचलं असेल, आता पूर्ण वाचा. रेव्हरंड टिळकांचा हात सढळ, आणि त्यानंतर घर चालवायची तारांबळ लक्ष्मीबाईंची, हे त्या हसत हसत पण न लपवता सांगतात. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. नवरा गेला म्हणून पाठोपाठ बायको, असं झालं नाही. त्या वेगळ्या राहिल्या, रडल्या, भांडल्या, पुढे संसार पुन्हा जोडला तरी सोवळं-ओवळं लगेच सोडलं नाही. मग स्वतःच्या डोक्यानं विचार करून जातिभेद माणसाचा आहे, देवाचा नाही, या निष्कर्षाला आल्या आणि १९०० मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांनी किती अनाथ पोरं सांभाळली ते पुस्तकातच वाचा. पण हे सगळं देणारी एक ठसठशीत बाई आधी तिथे होती, हे पानापानावर कळतं.

शेवटी बर्नार्ड. बाराव्या शतकातला फ्रान्समधला मठाधिपती, क्लेअरव्होचा. देवावर प्रेम करण्याविषयी त्याचं एक छोटं पुस्तक आहे, त्यात चार पायऱ्या आहेत. पहिली, माणूस स्वतःसाठी स्वतःवर प्रेम करतो. दुसरी, देवावर करतो पण स्वतःच्या फायद्यासाठी. म्हणजे परीक्षेच्या आदल्या रात्रीची प्रार्थना. तिसरी, देवावर देवासाठीच करतो. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा वाटलं, झालं, हीच शेवटची. पण बर्नार्ड चौथी सांगतो: माणूस परत स्वतःवर प्रेम करतो, या वेळी देवासाठी. त्या उंचीवरही तुम्ही गळून पडत नाही. या जन्मात कुणाला ती पायरी पूर्ण गाठता येत असेल याबद्दल मात्र बर्नार्डला शंकाच होती. क्षणभर झलक मिळाली तरी पुष्कळ, असा त्याचा सूर आहे.

ग्रुपवरच्या मुलीला मी एवढंच लिहिलं की मार्कचा पहिला अध्याय बघ. कफर्णहूममध्ये संध्याकाळी सगळं गाव दाराशी गोळा झालं होतं, येशूनं पुष्कळांना बरं केलं. पहाटे अंधारातच उठून तो एकांतात प्रार्थनेला गेला. शिमोन आणि बाकीचे त्याला शोधत आले, म्हणाले सगळे तुला शोधताहेत. दारात अजून आजारी माणसं असणारच. आणि तो म्हणाला, चला, आपण दुसऱ्या गावांना जाऊ.

तिचा रिप्लाय आला: म्हणजे या रविवारी मी संडे स्कूल, गायनवृंद आणि चहा यातलं एक कुणाला तरी देऊ शकते?

चहा मी घेतलाय. पुढच्या भागात शब्बाथाबद्दल बोलू.